बसण्याजोगी कबर

सोमवार: खंडाळा

सातारा जिल्ह्यातलं खंडाळा वेगळं आणि घाटातलं थंड हवेचं खंडाळा वेगळं, हे मी सीनाला तीनदा सांगितलं होतं. एकदा फोनवर, एकदा समोर बसवून आणि एकदा कागदावर नकाशा काढून. तरी सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यात रसवंतीच्या पत्र्याखाली उभ्या होतो आणि तिनं मोबाइलवरून राखून ठेवलेल्या खोलीच्या फोटोत खिडकीबाहेर धबधबा होता.

"हे इथून किती लांब?" तिनं विचारलं.

"तीन तास. भलत्याच दिशेला."

"असं होय," म्हणाली आणि उसाच्या रसाचा दुसरा ग्लास मागवला. बर्फ घालून. मी बर्फाकडे बोट दाखवून नको नको म्हणत होते, तोवर निम्मा ग्लास संपला. त्या अख्ख्या प्रवासात तिचं पोट ठणठणीत राहिलं. बिघडलं ते माझं.

सीना न्यूझीलंडची शिल्पकार. जन्म ऑकलंडचा, आईवडील सामोआचे. सामोआ म्हणजे पॅसिफिकमधली बेटं. तिथली कितीतरी माणसं कामासाठी ऑकलंडला गेली आणि तिथलीच होऊन राहिली, त्यातलं एक तिचं घर. वय पन्नाशीचं, अंगानं माझ्या दुप्पट, मनगटाभोवती गोंदण. पुण्यात शिल्पकारांचं महिनाभराचं शिबिर होतं, त्यासाठी आलेली. शिबिर भरवणाऱ्यांत माझी मामेबहीण होती आणि मी कॉलेजातून इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. "चार दिवस तिच्याबरोबर जा ना दुभाषी म्हणून. तिला दगड हवाय. तुझंही फिरणं होईल," असं बहिणीनं गोड आवाजात सांगितलं. त्या गोड आवाजाला मी लहानपणापासून फसत आलेय.

निघण्याआधी मला सीनाच्या कामाबद्दल दोन पानं वाचायला दिली होती. कुटुंब, मृत्यू, स्थलांतर, ओळख, असे शब्द एकामागून एक. असे कागद मी जन्मभर तपासलेत. त्यात मुद्दा हुडकावा लागतो. हुडकून मिळाला तो असा: सामोआत माणूस गेला की त्याला घरासमोरच पुरतात. अंगणात, दाराच्या अगदी समोर, पायऱ्यापायऱ्यांची कबर बांधतात. मग तिच्यावर पोरं खेळतात, बायका चटया वाळत घालतात, म्हातारे संध्याकाळी गप्पा हाणत बसतात. सीनाला तशीच एक, बसण्याजोगी कबर काळ्या दगडात घडवायची होती. आपल्याकडचा काळा दगड लाव्ह्याचा, तिच्या बेटावरचाही लाव्ह्याचा. पुण्याबाहेरचा एक उघडा कडा बघून ती म्हणाली होती, "हा माझ्या वडिलांच्या गावचा दगड आहे." मला वाटलं, कलाकार माणसं असंच बोलतात.

दुपारी आम्ही खाणीवर गेलो. ऊन असं की चपलेतून चटका लागावा. सीनानं कातळावर दोन्ही तळवे टेकले, डोळे मिटले आणि काहीतरी गुणगुणायला लागली. खाणीचा मुकादम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाईंना बरं वाटंना का?"

"बऱ्या आहेत. त्या कलाकार आहेत."

"आसं व्हय," तो म्हणाला. एखाद्याचं दुखणं कळल्यावर म्हणतात तसं.

मी त्याला काय हवंय ते सांगितलं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, अखंड, कुठं तडा नको. त्यानं मान हलवली. "न्हाई गावायचा, म्याडम. हितं सुरुंग लावत्यात. दगुड आतनं तडकतोय. खडी किती बी न्या." मग डोकं खाजवून म्हणाला, "लोणंदच्या पल्याड शौकतभाई हाय. पाटं-वरवंटं करतोय. त्येच्या दारात अखंड दगुड पडलेला मी बघितलाय. पर माणूस जरा तिरक्या डोक्याचा हाय हां."

मी मनात म्हटलं, माझ्याबरोबर एक आहेच. आणखी एक.

मंगळवार: लोणंद

लोणंदला उतरल्या उतरल्या कांद्याचा वास येतो आणि मग तो तुमच्या कपड्यात राहायलाच येतो. लॉजवर गरम पाणी सात ते आठ मिळणार होतं. सात ते आठ सीना नळाखाली होती. मी थंड पाण्यानं अंघोळ केली आणि चहासुद्धा न घेता निघाले, कारण रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता.

रिक्षातून उतरून चालत निघालो, तर रस्त्यात पारावर चार म्हातारे बसले होते. त्यांच्यासमोरून जाताना सीना एकदम कमरेत वाकली, एक हात खाली सोडला आणि "तुलोऊ, तुलोऊ" म्हणत गेली. बसलेल्या माणसांसमोरून ताठ चालत जाणं तिच्यात उद्धटपणाचं, म्हणून माफी मागत वाकून जायचं. चारी म्हातारे गडबडून उठून उभे राहिले. त्यांना वाटलं बाईचं काहीतरी हरवलंय. सगळे मिळून धुळीत शोधायला लागले. समजावून सांगण्यात माझी वीस मिनिटं गेली आणि शेवटी एकजण म्हणाला, "आमच्या सुनंला शिकवा म्हणावं ह्ये."

शौकतभाईंचं घर रस्त्याच्या कडेलाच. पुढे पत्र्याची शेड, तिच्याखाली पाटे, वरवंटे, खलबत्ते, आणि एका भिंतीला टेकवून ठेवलेले कबरीचे दगड, त्यांच्यावर उर्दूत नावं. शौकतभाई साठीचे असतील. अंगानं किडकिडीत, दाढी पांढरी, दगडाच्या भुकटीनं आणखी पांढरी झालेली. मागच्या बाजूला कुंपणाशी तो दगड पडला होता. गुळगुळीत घासलेला नव्हे, पण चारी बाजूंनी सरळ तासलेला, काळा कुळकुळीत.

"देवळाच्या पायरीला घडवला हुता," शौकतभाई म्हणाले. "मंग त्यांनी मार्बल बशीवला. नेलाच न्हाई. चार वरसं झाली, कोंबड्या बसत्यात." त्यांनी हातोडीनं दगडावर एक ठोका दिला. घंटेसारखा आवाज आला. "बगा. आत काय बी खोट न्हाई."

सीनानं माझा दंड असा दाबला की वळ उठला. हाच. हाच पाहिजे.

शौकतभाईंनी विचारलं, "कशापायी पायजे?"

आता इथं मी काय केलं ते सांगायला हवं, आणि ते सांगायला मला आवडत नाही. सीना बोलायला लागली. वडील, आजी, बेट, कबर, कबरीवर बसणं, हातवारे करत पंधरावीस वाक्यं बोलली. मी ऐकत होते. समोर कबरीचे दगड घडवणारा मुसलमान माणूस. कबरीवर बसतात म्हटल्यावर इथं काय होईल हे मला स्वच्छ दिसत होतं: वाद, समजावणं, आणखी वाद, आणि पोटात चहाचा घोटसुद्धा नाही. ती थांबल्यावर मी म्हणाले, "बाक करायचाय. बसायला. कडेनं तीन पायऱ्या पाहिजेत, नक्षीसारख्या."

"एवढंच?" शौकतभाई म्हणाले. "ती तर लय बोलली."

"कलाकार आहेत."

"व्हय व्हय," ते हसले. "करू की बाक. दोन दिसात कडा काढून देतो." आणि दगडावर थाप मारून सीनाला म्हणाले, "बाक! फस्क्लास बाक!" तीही हसली, तिनंही थाप मारली. त्यांच्या बायकोनं, हलीमाभाभींनी, चहा आणला. किती सोपं झालं, असं वाटून मी दोन कप प्याले.

बुधवार: सांगली

दगडाचं काम होईतो लोणंदला स्वस्थ बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण सीनाला लेंगा हवा होता.

ती तसंच म्हणाली. "सांगलीत लेंगा मिळतो ना? मला लेंगा पाहिजे, दोन किलो." मी तिला सांगितलं की लेंगा लोणंदच्या बाजारातही मिळेल, पण तो नगावर मिळतो आणि तिच्या मापाचा शिवून घ्यावा लागेल. ती माझ्याकडे बघत राहिली. पाच मिनिटांनी उलगडलं. सामोअन भाषेत हळदीच्या भुकटीला लेंगा म्हणतात. तिथं ती तेलात कालवून बाळाला, बाळंतिणीला, नव्या गोंदणाला लावतात. तिला ती दगडाला चोळायची होती, आणि हळद सांगलीची हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. लोणंदच्या वाण्याकडेही हळद असते, असं मी म्हटलं. त्यावर तिनं मला अशा नजरेनं पाहिलं की मी गुमान गाडीची तिकिटं काढली.

सांगलीच्या बाजारात हळदीची पोती छताला लागलेली होती आणि हवेतच एवढी हळद की माझी पांढरी ओढणी पिवळी होऊन बाहेर आली. अजून पिवळीच आहे. सीना एका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून "लेंगा, लेंगा" म्हणायला लागली. दुकानातले हमाल पोट धरून हसू लागले. एकानं स्वतःचा पायजमा चिमटीत धरून "ह्यो का, ह्यो का?" विचारलं. मी घामाघूम होऊन समजावत होते, तेवढ्यात आपल्या हळदीचा सौदा करायला आलेले एक उंच, मिशाळ गृहस्थ पुढे आले.

"मॅडम, विच कंट्री?" त्यांनी सीनाला विचारलं, आणि हमालांना म्हणाले, "गप बसा रं. पावणी हाय ती."

ते निवृत्त सुभेदार. गाव सांगलीजवळच, कृष्णेच्या काठी. हळद विकत कशाला घेता, माझ्या रानातली घेऊन जा, जेवूनच जा, राहूनच जा. मी नाही म्हणायच्या आत सीना त्यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली होती. मागे मी आणि रिकामी पोती.

रानात एका बाजूला उकडलेली हळद वाळत घातलेली, दुसऱ्या बाजूला ऊस. मध्ये एका कडुलिंबाखाली फरशीचा चौथरा, गुडघाभर उंच, वर दोन लहान संगमरवरी पाट्या. सुभेदारांच्या पत्नी मालनवहिनींनी चौथऱ्यावर शेंगा पसरलेल्या होत्या. त्या त्यांनी हातानं बाजूला लोटल्या आणि तिथंच भाकरीचं गाठोडं सोडलं. भाकरी, वांग्याचं भरीत, दही, मिरचीचा खर्डा. सुभेदार चौथऱ्यावर पाय सोडून बसले.

सीनानं पाट्यांवर बोट ठेवलं. "इथं कोण आहे?"

मी विचारलं. सुभेदार म्हणाले, "आमचं आण्णा आन आई. ह्यो समाधीचा चौथरा."

हे भाषांतर केल्यावर सीनाच्या हातातला घास हातातच राहिला. "आणि तुम्ही वर बसता?"

"मंग कुठं बसू?" सुभेदार म्हणाले. "सावली हितंच हाय. आन आण्णांस्नी बी बरं वाटतं. जित्तेपणी एकटं जेवत नव्हतं ते."

सीना चौथऱ्यावर बसली, अगदी सावकाश. मग तिनं पाच भाकऱ्या खाल्ल्या. मला एक भाकरी आणि खर्डा एवढ्यावरच छातीत जळजळ सुरू झाली. मालनवहिनी तिला वाढत होत्या आणि मला सांगत होत्या, "थोरला मिल्ट्रीत, धाकटा पुण्यात. धाकटा म्हणतोय, आता रान इका आन फ्लॅटला या. मी म्हटलं, येतो की. पर ह्या दोघांस्नी कुठल्या खोलीत ठिवायचं त्येवढं सांग." हे सांगताना त्या हसत होत्या. मी तेही भाषांतर करून सांगितलं. सीना हसली नाही.

आमच्या घरी माझ्या वडिलांचा फोटो आहे, दिवाणखान्यात. दसऱ्याला मी त्याच्यावरची धूळ पुसते. बाकी आमच्यात काही ठेवत नाहीत, अस्थीसुद्धा नदीला. ते मला नेहमी सुटसुटीत वाटत आलंय.

गुरुवार: सांगलीचं स्टेशन, आणि परत लोणंद

सकाळी गाडीला उशीर होता. फलाटावर नातवाला मांडीवर घेतलेली एक बाई सरकून सीनाला म्हणाली, "या, हितं बाकावर बसा की."

सीना बसली आणि ताठ झाली. "बाक," ती म्हणाली. "हा शब्द शौकत म्हणाला होता. दगडावर थाप मारून. बाक म्हणजे काय?"

मी खोटं बोलू शकले असते. पण ती बसली होती तेच तर होतं. "बेंच," मी म्हणाले.

"तू त्याला सांगितलंस की मी बेंच करतेय?"

मी म्हटलं, त्यांच्या धर्मात कबरीवर बसत नाहीत, त्यांनी काम घेतलं नसतं, मी तुझं काम सोपं केलं. शेवटी हेही म्हटलं की शिल्प शिल्पच राहतं, त्याला बाक म्हणा नाहीतर आणखी काही.

"तुला हे शिल्प वाटतंय?" ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिचे वडील एकोणिसाव्या वर्षी बेट सोडून ऑकलंडला आले आणि जन्मभर लोकरीच्या कारखान्यात राबले. गावच्या घरासमोर, त्यांच्या आईवडिलांच्या कबरींशेजारी, त्यांची जागा त्यांनी स्वतः पावलं टाकून मोजून ठेवली होती. ते गेले तेव्हा सात भावंडांत भांडण झालं. कुणी म्हणे गावी न्या, कुणी म्हणे इथंच. सीना थोरली, तिच्या शब्दावर सगळं थांबलेलं. ती म्हणाली, इथंच. कारण तिला दर रविवारी त्यांच्याजवळ जाऊन बसायचं होतं. ऑकलंडच्या दफनभूमीत पहिल्याच रविवारी तिथल्या रखवालदारानं तिला उठवलं. कबरीवर बसायला मनाई आहे, म्हणाला. आणि गावाकडच्या आत्यानं त्या दिवसापासून बोलणं टाकलं. दोन वर्षं. आता आत्या ऐंशीची झालीय. गेल्या महिन्यात तिनं निरोप धाडला: माणूस दिलं नाहीस, निदान त्या रिकाम्या जागेवर ठेवायला काहीतरी आण, मला बसायला.

"पुण्यातलं प्रदर्शन झालं की हा दगड तिथं जाणार," सीना म्हणाली. "माझ्या वडिलांच्या जागेवर. आणि तो घडवणाऱ्या माणसाला ठाऊकच नाही की तो काय घडवतोय. मी आत्याला काय सांगू?"

गाडी आली. लोणंदपर्यंत चार तास ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मालनवहिनींनी बांधून दिलेल्या शेंगा तिनं डब्यातल्या सगळ्यांना वाटल्या. समोरच्या आजोबांना, शेजारच्या पोरींना, तिकीट तपासनिसाला. मला सोडून. मी खिडकीबाहेर बघत चिडत राहिले. आधी तिच्यावर, मग माझ्या मामेबहिणीवर. कऱ्हाड मागे पडल्यावर चिडायला दुसरं कुणी उरलं नाही.

शौकतभाईंनी एका बाजूच्या तिन्ही पायऱ्या काढून ठेवल्या होत्या. इतक्या रेखीव की सीनानं तोंडावर हात घेतला. ते खुशीत होते. "आवं बाई, सांगा तिला, आसला बाक तिच्या मुलखात न्हाई मिळायचा."

मी म्हणाले, "शौकतभाई, मी तुम्हाला खोटं सांगितलं. हा बाक नाही."

"मंग काय हाय?"

"कबर. यांच्या वडिलांची. हा दगड त्यांच्या गावी जाणार आहे."

"त्यात खोटं बोलायसारखं काय? मी कबरीच करतो की."

"वर बसायचंय. त्यांच्यात बसतात."

त्यांनी छिन्नी खाली फडक्यावर ठेवली. "आमच्यात कबरीवर पाय बी पडू देत न्हाईत, बाई. आन माझ्याच हातानं दोन दिस त्येच करून घेतलं व्हय?" मग सीनाकडे मान वळवून, "हिला ठावं हुतं?"

"नाही. त्यांनी पहिल्या दिवशीच सगळं खरं सांगितलं होतं. मी बदललं."

"का?"

खूप कारणं होती. मी गाडीत चार तास ती घोकत आले होते. "भूक लागली होती," मी म्हणाले.

शौकतभाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग घराकडे तोंड करून ओरडले, "हलीमा! इनकू पयले खाना दे."

हलीमाभाभींनी खरंच ताट आणलं. ज्वारीची भाकरी आणि मटणाचा रस्सा. मला खावं लागलं. ते दोघं दगडाच्या दोन बाजूंना उभे राहून माझं जेवण व्हायची वाट बघत होते. एवढं लाजिरवाणं जेवण मी आजवर जेवले नाही, आणि चव इतकी चांगली होती की त्याचाही राग आला.

हात धुऊन मी दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि या खेपेला शब्दाला शब्द सांगितला.

सीना म्हणाली, "सात वर्षांची असताना मला वर्षभर गावी ठेवलं होतं. आजोबांच्या कबरीवर बसून मी वाचायला शिकले. बसणं म्हणजे पाय देणं नव्हे. त्यांना एकटं ठेवायचं नाही, म्हणून बसायचं."

शौकतभाई म्हणाले, "तिची रीत तिच्यापाशी. मी वाईट म्हणत न्हाई. पर माझा हात त्यात नको. मला वर जाऊन जबाब द्यायचा हाय."

"शेजारी दुसरा दगड ठेवला तर? बसायला?" हे मी मध्येच घातलं. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी परत दुभाषी झाले.

सीना म्हणाली, "त्यांना सांग, मला त्यांचं म्हणणं पटतं. पायऱ्या झाल्या तेवढ्या पुरे. बसायची जागा मी करते. इथं, त्यांच्या अंगणात केली तर चालेल का?"

शौकतभाईंनी दाढीवरची भुकटी झटकली. "अंगण काय, खुल्लं हाय," ते म्हणाले आणि नमाजाला गेले.

शुक्रवार: अंगणात

चार दिवसांचे पाच झाले होते. माझ्याकडे धुतलेलं काही उरलं नव्हतं. मी हलीमाभाभींचा सलवार-कमीज घालून, हळदीची ओढणी घेऊन, उन्हात एका उलट्या उखळावर बसले होते आणि सीना दगड फोडत होती. फोडतच होती म्हणायला हवं. ऑकलंडला ती यंत्रानं काम करते. हातातली छिन्नी तिला नवी. बसायची जागा वरून किंचित खोलगट करायची, एवढंच काम, पण दर चार ठोक्यांना छिन्नी निसटत होती.

शौकतभाई शेडमध्ये पाठ करून एका पाट्याला टाकी लावत, तो खरबरीत करत बसलेले. तास गेला. दीड तास गेला. प्रत्येक चुकलेल्या ठोक्याला त्यांची पाठ जराशी आखडत होती, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी. शेवटी मागे न वळताच म्हणाले, "बाई, मी काय सांगत न्हाई. माझा काय बी संबंध न्हाई. पर छिन्नी आडवी धर म्हणावं तिला. उभी घालतीय."

मी सांगितलं. सीनानं छिन्नी तिरपी केली.

"आन मनगाट सैल."

तिनं मनगट सैल सोडलं. दगडाचा आवाज बदलला. मलासुद्धा कळलं.

"हां," पाठ म्हणाली.

दुपारपर्यंत असंच चाललं. ते दगडाकडे वळून बघायचे नाहीत, कानानं ऐकायचे आणि मला सांगायचे, मी सांगायचे, ती करायची. मधूनच "डाव्या हाताला जरा ज्यादा गेलंय" असं म्हणाले, तेही न बघता, आणि खरंच गेलेलं होतं. चार वाजता सीनानं हातोडा ठेवला. दोन्ही हातांच्या तळव्यांना फोड आलेले. हलीमाभाभींनी वाटीत खोबरेल तेल आणून दिलं, त्यात सुभेदारांच्या रानातली हळद कालवली, आणि दोघींनी मिळून ती दगडाला चोळली. आधी दगडाला, मग उरलेली सीनाच्या फोडांना. "हमारे में भी लगाते हल्दी," भाभी मला म्हणाल्या. "शादी में." काळ्या दगडावर हळद फारशी दिसत नाही. नुसती एक ऊब आल्यासारखी दिसते.

मग सीना माझ्याकडे आली. स्टेशनपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिनं पिशवीतून शेंगांचा उरलेला पुडा काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. मी खाल्ल्या, ॲसिडिटी असूनही.

टेम्पो साडेपाचला आला. दगड चढवायला सहा माणसं, पहारी, ओंडके आणि भरपूर आरडाओरडा लागला. सीना फळीवर चढून दगडाखाली पोती सरकवत होती. शौकतभाईंनी यात मदत केली नाही, पण उभे होते. मागचं फाळकं लागल्यावर ते माझ्याजवळ आले.

"बाई, तिच्या वडलांचं नाव काय?"

पाच दिवस मी या माणसाच्या दगडासाठी बोलत होते. खाणीवर बोलले, लोणंदला बोलले, सांगलीत बोलले. त्यांचा कारखाना मला ठाऊक होता, त्यांची मोजलेली जागा ठाऊक होती, त्यांच्यावरून झालेलं भांडण ठाऊक होतं. नाव मी विचारलंच नव्हतं.

"सीना," मी टेम्पोकडे बघून हाक मारली, "वडिलांचं नाव काय?"

ती वाकली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग शौकतभाईंकडे. "तावीता," ती म्हणाली. "बायबलमधला डेव्हिड. आमच्याकडे तावीता म्हणतात."

मी तसंच सांगितलं. शौकतभाईंनी ओठ हलवून ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"म्हंजे दाऊद," ते म्हणाले.

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, फाळक्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात काहीतरी म्हटलं. सीना मला खुणेनं विचारत होती, काय म्हणाले? मी मान हलवली. मला ऐकू आलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.

हात काढून ते माझ्याकडे वळले. "डायवरला सांगा, सावकाश न्या म्हणावं दाऊदभाईंस्नी. शिरवळपतुर रस्ता लय खराब हाय."